आजीची अर्धी वाक्यं

४ फेब्रुवारी

टिटवे,

आशीर्वाद घे आणि बाजूला ठेव. आधी तक्रार ऐक.

अक्षर बघून तुला वाटेल, आजी म्हातारपणी शाळेत जायला लागली की काय. तसलं काही नाही. हे आपल्या गल्लीतल्या दवाखान्याची सिस्टर लिहितेय. मला लिहिता-वाचता येत नाही, पण ऐकू येतं, आणि बोलता तर इतकं येतं की तुझे आजोबा निवृत्त झाल्यापासून कानात कापूस घालून बसतात. पूर्वी माझी पत्रं तू लिहायचीस. आता तूच राजधानीत जाऊन सरकारी रेडिओच्या कचेरीत बसलीस, मग तुलाच पाठवायचं पत्र लिहिणार कोण? आजोबांना लिहिता येतं, पण कानात कापूस. म्हणून सिस्टरला पकडलं. आजोबांच्या पायाची पट्टी जखमेला चिकटते, ती सोडवायला आधी पाण्याने भिजवत ठेवावी लागते. तेवढा वेळ ही रिकामी असते. ‘रिकामी’ म्हटल्यावर माझ्याकडे डोळे वटारून बघितलं, पण लिहिलं. गुणी आहे.

पायाचं तुला कळवलं नव्हतं, ते आता कळवते. साखरेने आजोबांचे दोन्ही पाय बधिर झालेत, हे तुला माहीत आहे. तर या माणसाने नवे बूट घेतले. बुटात आतून एक चूक, बारीक खिळा, वर आलेली. दिवसभर हे त्या चुकेवर उभे राहून गावाला उपदेश करत फिरले. संध्याकाळी मोजा काढला. मी म्हटलं, “अहो, लाल मोजे कधी घेतलेत?” तर म्हणतात, “मी तर पांढरे घातले होते.” जन्मभर बस चालवली. इंजिनाला सर्दी झाली तरी यांना तळपायातून कळायचं. आता स्वतःच्या तळपायात खिळा शिरला तर बायकोकडून कळतंय.

जखम अंगठ्याखाली आहे, शर्टाच्या बटणाएवढी. एक दिवसाआड इथे येऊन धुवून पट्टी बदलायची. सिस्टर म्हणते, असं नेमाने केलं तर भरून येईल. नाही केलं तर हाडात शिरेल, आणि हाडात शिरलं तर पाय जाईल. हे तिने मला बाजूला घेऊन, आजोबांना ऐकू जाणार नाही असं सांगितलं. मी लगेच जाऊन आजोबांना सांगितलं. पाय त्यांचा आहे.

आता तक्रार. परवा दवाखान्याच्या दारावर कागद चिकटवलाय. मार्चअखेर दवाखाना बंद. इथलाच नव्हे, देशभरातले सगळे गल्लीबोळातले दवाखाने बंद, आणि प्रत्येक शहराला एक मोठं केंद्र. ‘सर्व सेवा एकाच छताखाली.’ आमचं छत मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, दोन बस बदलून. त्यातली एक बस मागच्या वर्षी ‘मार्ग सुधारणा’ झाल्यापासून आपल्या थांब्यावर थांबत नाही. त्याच्या आधल्या वर्षी ओळखपत्रात सुधारणा झाली, तेव्हा मी आठ महिने मी नव्हते. हल्ली कुणी सुधारणा म्हटलं की मी दाराला कडी लावते.

सिस्टरला म्हटलं, दहा दुकानं फिरून पिशवी भरण्यापेक्षा एकाच दुकानात भरावी, असं सांगणारा माणूस नेहमी त्या एका दुकानाचा मालक असतो. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली. तिची नोकरी पण याच दारावर आहे ना.

तू तिथे बसलीस, चार माणसं ओळखतेस. कुणाला तरी विचार. म्हणावं, पाय भरून येईपर्यंत थांबा. मग खुशाल देश पुढे न्या, आम्ही लंगडत मागून येतो.

पट्टी भिजली. संपवते.

तुझी आजी


१५ फेब्रुवारी

आजी,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत उघडलं आणि एकटीच खो-खो हसले. शेजारच्या टेबलावरचे म्हणाले, आम्हालाही सांग. मग मोठ्याने वाचलं. लाल मोज्यांपाशी आमचे साहेबसुद्धा खुर्ची ओढून आले. म्हणाले, “ही बाई आहे कुठे? हिला इथे आणून बसवा!” तू इथे आता प्रसिद्ध आहेस.

आजोबांना म्हणावं, बूट फेकून द्या. आणि तुम्ही असं काही लपवलंत तर मी रागावेन.

दवाखान्याचं मी विचारलं. आजी, हे तुला वाटतं तेवढं वाईट नाही गं. आपल्याकडे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, तेही घाईत. केंद्रात रोज असतील. पायांच्या जखमांसाठी तिथे वेगळा विभाग आहे, मी स्वतः नकाशा पाहिला. मोठी यंत्रं, काचेच्या खिडक्या, बसायला खुर्च्या. आजोबांची तर चांगली सोयच होईल. तारीख मात्र कुणालाच पुढे ढकलता येणार नाही. निर्णय वरून आलाय.

माझं काम काय, असं मागे विचारलं होतंस. सरकारचे निर्णय अवघड भाषेत असतात, ते मी लोकांना कळेल अशा साध्या बोलीत रेडिओसाठी लिहिते. ते फार कोरडं होतं असं साहेबांचं म्हणणं असतं. त्यामुळे तू आणखी लिही. केंद्राबद्दल गल्लीत काय चाललंय, बायका काय म्हणतात, तू काय म्हणतेस, अगदी जसंच्या तसं. सिस्टरना सांग, आजीचं काहीही गाळू नका.

तुझी
टिटवी


२६ फेब्रुवारी

टिटवे,

साहेबाला हसू आलं, बरं झालं. त्याच्या हसण्याने जखम भरत असेल तर यांचा पाय पार्सलने पाठवते.

नकाशा पाहिलास म्हणतेस. नकाशात दोन बस दिसल्या का? चढउतार दिसला का? आणि निर्णय वरून आलाय म्हणजे कुठून? आमच्या वर शिंपीण राहते. तिला विचारलं. ती म्हणते, मी काही ठरवलेलं नाही.

गल्लीत काय चाललंय ते ऐक. आम्ही बायका दवाखान्याच्या दारात बसतोय. घरून स्टूल आणायचं, निवडायची भाजी आणायची, आणि दार अडवून बसायचं. पाळ्या लावल्यात. शिंपीण शिवणाचे काज तिथेच करते. वीस मार्चला एक अधिकारी हरकती ऐकायला येणार आहे. निम्म्याहून जास्त गल्लीने हरकत घेतली तर दवाखाना वर्षभर तरी चालू ठेवतात, असं सिस्टरने कुठेसं वाचलंय. तोवर उठायचं नाही. मला सगळ्यांनी पुढे बसवलंय. म्हाताऱ्या बाईला पोलीस हलवत नाहीत, आणि हलवलंच तर मी ओरडते चांगली. टिटवीची आजी आहे मी.

परवा नगरपालिकेचा एक माणूस येऊन आम्हाला समजावत होता. गुळगुळीत दाढी, हातात पाण्याची बाटली. म्हणाला, “आजी, केंद्र लांब आहे ते चांगलंच. तेवढंच चालणं होईल.” मी म्हटलं, बाळा, म्हातारपणी माणसाने चालत राहावं, नाहीतर तो गंजतो, हे खरं. पण बधिर पायाने चालला तर गंजत नाही, सडतो. तो बाटलीतलं पाणी प्यायला. मग म्हणाला, “सरकारवर थोडा विश्वास ठेवा.” म्हटलं, सरकारवर माझा पूर्ण विश्वास आहे. ते म्हणालेत बंद करणार, म्हणजे करणारच. बायका इतक्या हसल्या की शिंपिणीच्या हातात सुई टोचली.

आम्ही हसतो, पण टिटवे, खरं सांगू? सिस्टर, हे लिहू नको. लिहिलंस? असू दे मग. मला पूर्वी राग यायचा. निवडणुकीत बोटाला शाई लावून घेताना वाटायचं, आता बघा कशी जिरवते. बोटावरची शाई दोन आठवड्यांत जाते आणि माणूस पाच वर्षं जात नाही. आता राग यायला लागला की मधेच थांबतो. शिंक येता येता जाते ना, तसा. नाक हुळहुळत राहतं, बस.

पण पाय सुधारतोय. शर्टाचं बटण होतं, ते आता बाहीच्या गुंडीएवढं झालंय. सिस्टर म्हणते, एप्रिलभर असंच चाललं तर बूट घालून नाचतील. हे म्हणतात, मी आधी कधी नाचलोय?

तुझी आजी


९ मार्च

आजी,

घाईत लिहितेय. पाय भरतोय हे वाचून फार बरं वाटलं.

माझी बढती झाली. आता स्वतंत्र कार्यक्रम लिहायला दिलाय. साहेब खूश आहेत.

तुम्ही उन्हात दारात बसू नका गं. वय काय तुमचं. आणि घरातला रेडिओ अजून खरखर करतो का? या महिन्यात तो दुरुस्तीला टाकूनच दे, मी सांगते म्हणून. आजोबांना जप.

टिटवी


२४ मार्च

टिटवे,

रेडिओ दुरुस्तीला टाकला होता. तू सांगितलंस म्हणून. पण समोरच्या वाण्याचा रेडिओ बरा आहे.

अठरा तारखेची सकाळ. आम्ही सगळ्या दारात. वाण्याकडे गाणं संपलं, बासरी वाजली, आणि एक म्हातारी बोलायला लागली. बाई गोड बोलते. आवाजावरून कळतं, तोंडात सगळे दात आहेत. म्हणाली, “मला लिहिता-वाचता येत नाही बरं, पण कळतं सगळं!” मी भाजी निवडत होते. वाटलं, आहे कुणी माझ्यासारखी. मग म्हणाली, “दहा दुकानं फिरून पिशवी भरण्यापेक्षा एकाच दुकानात भरावी!” मग कुणीतरी विचारलं, आजी, केंद्र लांब नाही का? तर म्हणाली, “अहो, म्हातारपणी माणसाने चालत राहावं, नाहीतर तो गंजतो!” आणि शेवटी, “सरकारवर माझा पूर्ण विश्वास आहे.” पुन्हा बासरी.

मी वाट बघत होते. मला वाटलं, बाई श्वास घ्यायला थांबलीय, पुढचं आता बोलेल.

आधी सगळ्या हसल्या. मग एकेक करून माझ्याकडे बघायला लागल्या. शिंपीण म्हणाली, “आजी, हे तर तुमचं.” मी म्हटलं, माझं आहे, पण मी बोलले नाही. ती म्हणाली, “मग रेडिओला काय स्वप्न पडलं?” दुसरी म्हणाली, “नात आहे की तिथे. घरचंच दुकान.” कुणी भांडलं नाही, टिटवे. भांडल्या असत्या तर मी पुरून उरले असते. उन्हं आली म्हणत एकेक स्टूल उचललं गेलं. दुसऱ्या दिवशी निम्मीच आली. विसाला मी, वाण्याची सासू आणि एक मांजर.

अधिकारी आला. फार सभ्य. वाकून नमस्कार केला. म्हणाला, “आजी, तुमच्याच वयाच्या एका आजींनी रेडिओवर किती छान सांगितलंय,” आणि माझं वाक्य मलाच म्हणून दाखवलं, हाताची पिशवी करून. मी त्याला उरलेलं अर्धं म्हणून दाखवलं. तो म्हणाला, “वा! हेही छान आहे.” मग विचारलं, हरकत कुणाची? मी हात वर केला. वाण्याची सासू बहिरी आहे, तिला वाटलं औषध वाटतायत, तिनेही केला. सिस्टरने केला, पण ती नोकरीतली, तिचा धरत नाहीत. त्याने आभार मानले आणि गेला.

तुझ्यावर ओरडावं म्हणून हे पत्र सांगायला बसले. बसल्यावर लक्षात आलं की ओरडायला काही येत नाहीये. त्यामुळे झालं तेवढं सांगितलं.

आजी

आजींनी परवानगी दिली म्हणून खाली दोन ओळी माझ्या. मी बाकी काही म्हणत नाही. ती तिन्ही वाक्यं मी माझ्या हाताने लिहिली होती, अख्खी. आजींचं काही गाळू नका, असा तुमचा निरोप होता. मी गाळलं नाही. पाकीटही मीच पेटीत टाकलं. दवाखाना एकतीस तारखेला बंद होतोय. पट्ट्यांचा जेवढा साठा होता तो आजोबांना दिलाय.
— सिस्टर


२ एप्रिल

आजी,

तीन वेळा लिहायला घेतलं.

आधी लिहिलं होतं की साहेबांनी वाक्यं कापली. ते फाडलं. साहेब एवढंच म्हणाले होते की अर्ध्या मिनिटात बसलं पाहिजे. वाक्यं कुठे तोडायची ते मी ठरवलं. पेन्सिल माझ्या हातात होती. तोडताना मला वाईट वाटलं नाही, हे तुला सांगायला हवं. तुझं वाक्य मधेच थांबवलं तरी ते कसं उभं राहतं, याचंच मला कौतुक वाटत होतं. त्या बाईंना मी तुझी ढब शिकवली. कुठे थांबायचं, कुठे ‘बाळा’ म्हणायचं.

मला खरंच वाटत होतं की केंद्र चांगलं आहे. अजूनही वाटतं. आणि तुमच्या गल्लीतल्या स्टुलांनी एवढा मोठा निर्णय बदलेल, असं मला वाटलंच नव्हतं. त्यामुळे माझ्या अर्ध्या मिनिटाने तरी काय बिघडणार, असं धरून चालले. हरकतींचा तो नियम खरा आहे का, हे तुझं मागचं पत्र आल्यावर इथे शोधून पाहिलं. खरा आहे.

कार्यक्रम थांबवा म्हणून साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, लोकांना आजी आवडलीय. आता तो आणखी शहरांत लागतो.

आजोबांना पहिल्या आठवड्यातच केंद्रात ने. पायांचा विभाग पहिल्या मजल्यावर आहे. जाशील ना? काहीतरी बोल.

टिटवी


१९ मे

टिटवे,

सिस्टर आता केंद्रात असते म्हणून हे पत्र आजोबा लिहितायत. त्यांना बसल्या जागी दुसरं काम नाही. अक्षर मोठं येतं, बसच्या पाटीची सवय.

केंद्र तू म्हणालीस तसंच आहे. काचा आहेत, खुर्च्या आहेत. दारात एक यंत्र आहे, त्याचं बटण दाबलं की नंबराची चिठ्ठी येते. भिंतीवर नंबर उजळतो. मला वाचता येत नाही, त्यामुळे मी भिंतीकडे न बघता यांच्याकडे बघत बसते. सिस्टर त्या यंत्रापाशी उभी असते. कुठलं बटण दाबायचं ते लोकांना सांगते. तेच काम दिलंय तिला. पट्टीला हात लावायची तिला परवानगी नाही. आम्हाला बघून तिने मान हलवली. आम्हीही हलवली.

पायांचा विभाग आहे. पहिल्याच मजल्यावर. पाटी आहे, दार आहे, आत पलंगपण आहे म्हणतात. माणूस नेमायचा आहे.

तोपर्यंत सर्वसाधारण रांग. एक दिवसाआडच्या जागी दहाबारा दिवसांनी नंबर लागायचा. दोन बस, मधे चालणं. हे म्हणायचे, दुखत नाही मला, चल. दुखत नव्हतंच. घरी मी पाणी उकळून धुवायचे, सिस्टरने दिलेल्या पट्ट्या लावायचे. त्या संपल्यावर जुन्या धोतराच्या केल्या. एप्रिलच्या शेवटी वास यायला लागला. मला आला. यांना नाही.

मग ताप आला. डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, हाडात गेलंय. कापायला मात्र लगेच नंबर लागला. उजवा पाय, गुडघ्याखाली. सहा मेला.

(मी तिला विचारलं, एवढं सगळं लिहू का? म्हणाली, लिहा, पाय तुमचा आहे. — आजोबा)

तुला आधी कळवलं नाही. कुणाला सांगून लिहून घ्यायचं ते सुचलं नाही, आणि हे शुद्धीत नव्हते. शिंपीण डबा देऊन जाते. बोलत नाही फार, पण डबा भरलेला असतो. वाण्याने रेडिओचा आवाज कमी केलाय. मी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर चांगले होते. रांगेतली माणसं चांगली होती. यंत्र चांगलं होतं. कुणाला बोलू?

आजी


३ जून

आजी,

पत्र ऑफिसात आलं. वाचलं, घडी घातली, खणात ठेवलं. मग जेवले. मग एका पुलाबद्दल अर्ध्या मिनिटाचं लिहून दिलं. संध्याकाळी खोलीवर गेल्यावर लक्षात आलं की मी दिवसभर उजव्या पायातली चप्पल काढून बसले होते.

रजा मागितली आहे. अधिवेशन संपल्यावर मिळेल म्हणतात. नोकरी सोडू का? सोड म्हणालीस तर उद्या सोडते. पण तू म्हणायला हवं.

आजोबांना काय लिहू? ‘काळजी घ्या’ लिहिलं होतं, खोडलं.

तू मला शिवी का देत नाहीस? एक टोमणा तरी मार, आजी. तुझं मागचं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात तू कुठे आहेस ते सापडत नाही. यापुढे तुझं एकही वाक्य मी कुणाला वाचून दाखवणार नाही, कुठे लिहिणार नाही. तू काहीही लिही. फक्त तुझ्यासारखं लिही.

टिटवी


१४ जून

टिटवी,

पत्र मिळालं.

आजोबा बरे आहेत. जखम सुकली. कुबड्या मिळाल्या. ते दारापर्यंत जातात.

माझी तब्येत ठीक आहे. दवाखान्याच्या जागेला कुलूप आहे. दुपारी ऊन असतं. संध्याकाळी कमी होतं.

नोकरीचं तुझं तू ठरव. रजा मिळाली की ये.

आम्ही ठीक आहोत. तू ठीक राहा.

आजी

ता. क. — हे माझं, आजोबांचं. वरचा मजकूर तिने सांगितला तसाच लिहिलाय. एक अक्षर कमी नाही, जास्त नाही. तो सांगून झाल्यावर मी पाकिटावर पत्ता घालत होतो, तेव्हा ती बोलायला लागली. तुझ्यावर, तुझ्या साहेबावर, केंद्रावर, माझ्या बुटांवर, मंत्र्यापासून त्या यंत्राच्या बटणापर्यंत कुणालाही सोडलं नाही. पत्ता घालून वाळला तरी चालूच होती. कानात कापूस नव्हता, सगळं ऐकलं. शिंपीण जिन्यात उभी राहून हसत होती. त्यातलं काहीही लिहायचं नाही, अशी मला सक्त ताकीद आहे. म्हणून लिहीत नाही.

फार चांगलं होतं, टिटवे.